पलीकडच्या काठाचा फुलोरा

१४ एप्रिल

ॲडी,

पत्र घेऊन आलेल्या मुलीला आत घे. हेल्मी तिचं नाव. चहा दे, पण बूट काढायला लावू नकोस; तिच्या मोज्यांना भोकं आहेत आणि ती लाजते. मी फोन का केला नाही असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. फोनवर तू नुसतं 'हं' करतेस, आणि तुझ्या एका 'हं'चे अर्थ मी आठवडाभर लावत बसते. या वयात मला ते झेपत नाही. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होतं.

हेल्मी युनिव्हर्सिटीची आहे, पाण्याची डॉक्टर. ऊन, पाऊस, बर्फ सगळंच असं वेडंवाकडं व्हायला लागलंय; मग दोन देशांच्या सामाईक पाण्याने आणि त्यावर जगणाऱ्या माणसांनी टिकायचं कसं, हा तिचा अभ्यास. पहिल्या दिवशी माझ्या दारात उभी राहिली ती तंबाखूची पुडी घेऊन. आपल्यात वडीलधाऱ्यांना काही विचारायचं तर आधी तंबाखू ठेवावी, हे कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं. पुडी स्ट्रॉबेरीच्या वासाची! मी म्हटलं, "पोरी, ही मी पाण्याला वाहिली तर पाणी शिंकेल." बिचारी कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्या दिवशी साधी घेऊन आली, मग मी तिला बसवून घेतलं. हुशार आहे. ऐकते. मध्येच वाद घालते, तेही मला चालतं.

आता कामाचं. तुला सगळं ठाऊक आहे, पण हेल्मीसमोर तू 'मला काय माहीत' म्हणून खांदे उडवशील, म्हणून लिहूनच ठेवते. उन्हाळ्याच्या तोंडाला मनोमिनचं, आपल्या रानतांदळाचं, पान पाण्यावर येऊन आडवं पडतं आणि तरंगत राहतं. मुळं तेव्हा चिखलात नीट रुतलेली नसतात. त्या दिवसांत पाणी चढलं की पान वर ओढलं जातं आणि त्याच्यामागे अख्खं रोप उपटून येतं. अलीकडे जूनमध्ये आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, धरणाचे दरवाजे लागतात, सरोवर फुगतं, आणि ऑगस्टमध्ये आपण मोकळ्या पाण्याकडे बघत बसतो. बाकीच्या खाड्या गेल्याच. तिथे नुसतं पाणकणीस माजलंय. आपला तांदूळ उरलाय तो एका पेलिकन खाडीत. अर्धी खाडी माझ्या ओंटारिओच्या काठाला, अर्धी तुझ्या मिनेसोटाच्या, मधून सीमेची तरंगती पिंपं. मी 'तांदूळ उघडला, काढा' म्हटल्याशिवाय माझ्या अर्ध्यात एक होडी शिरत नाही, आणि तुझ्या अर्ध्यात तुझ्या शब्दाशिवाय. या उन्हाळ्यात ही खाडीही गेली तर पुढच्या वर्षी आपल्याला उघडायला काही उरणार नाही. मग बसू दोघी, तू तुझ्या ओट्यावर, मी माझ्या.

दोन्ही देशांचं जे पाणीमंडळ धरण चालवतं, ते हेल्मीच्या अभ्यासासाठी यंदा एक प्रयोग करायला कबूल झालंय. पान तरंगायच्या दिवसांत तीन आठवडे पाणी एकाच पातळीवर धरून ठेवायचं. तीनच. त्याहून जास्त ते ऐकत नाहीत. सुरुवात कधी करायची ते आपण सांगायचं, पण त्याला दोन्ही काठांच्या सह्या लागतात. माझी झाली. आता तू कर. पाणी चढल्याशिवाय तुमच्या वॉलाय माशांच्या पिल्लांच्या तळ्यांत पाणी जात नाही, हे मला ठाऊक आहे. डेलला सांग, तीन आठवडे दम धर. तुझा नवरा आहे, ऐकेल. न ऐकायला तो काय फिलोमीन आहे?

त्या ऑगस्टबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

तुझी थोरली,
फिलोमीन

१० मे

ॲडी,

सही पोचली. तिच्याखाली तुझी एक ओळ: 'दिवस दोघींनी मिळून ठरवू.' तीन वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहायचं आणि एवढंच! हेल्मीला मी विचारलं, "आणखी काही म्हणाली का?" ती म्हणाली, "ओव्हनमधून गोड पाय आणले. बेरीचे होते. तीन खाल्ले." म्हणजे परक्या मुलीला पाय, आणि मला एक ओळ.

मिळून ठरवायचं काय त्यात? घरामागच्या उतारावरची रानचेरी फुलली की पान यायची वेळ झाली, हे आईचं सांगणं. ती तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आता मी राहते. फुलोरा आला की मी मंडळाला कळवणार. तुला त्याआधी निरोप धाडीन, मानाने धाडीन, म्हणजे मागाहून 'ताईने विचारलं नाही' म्हणायला नको.

काल हेल्मी पाण्यात सोडलेला तिचा तापमापक काढून घेऊन आली. चेहरा पडलेला.

"मावशी, पाणी अजून बर्फासारखं आहे. वरच्या सरोवरांचं बर्फ यंदा फार उशिरा फुटलं, ते सगळं पाणी आत्ता खाली येतंय. जमीन तापलीय, पाणी नाही. आणि चेरी जमिनीवर आहे."

मी म्हटलं, "आणि मी कुठे आहे?"

"तुम्हीही जमिनीवरच."

"मग मी आणि चेरी बघून घेऊ."

ती काही गप्प बसणारी नाही. म्हणाली, "पलीकडच्या मावशींना एकदा विचारते."

"विचार की! पाय देईल ती. उत्तर देईलच असं नाही."

हसू नकोस, ॲडी. आणि 'मिळून ठरवू' हे मला तू शिकवावंस? त्या ऑगस्टमध्ये मी सकाळी उठून खाडीवर येते तर पिंपांपलीकडे तुझ्या माणसांच्या दाणा झाडायच्या काठ्या तांदळावर पडतायत. अजून हिरवट असलेल्या तांदळावर! चार दिवस आधी उघडलंस तू. माझी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी, आणि मी त्यांना काय सांगणार होते, की माझ्या बहिणीने मला कळवायचीही गरज मानली नाही? जाऊ दे. मी लिहिणार नव्हते.

तुझी सही मात्र ठसठशीत आली आहे. हात थरथरत नाही अजून. बरं वाटलं.

फिलोमीन

२७ मे

ॲडी,

फुलली! काल सकाळी दार उघडलं तर उतार पांढराशुभ्र. मी तशीच, गाउनवर कोट चढवून, वर जाऊन आले. मधमाश्यासुद्धा आल्यात. मंडळाला कळवलं, त्यांनी दरवाजे हवे तसे लावले, आणि आजपासून पाणी जागच्या जागी थांबलंय. हेल्मी काठावरच्या मोजपट्टीशी बसून आहे, आणि पट्टीवरची ओली रेघ जराही हलत नाही. एवढं मोठं धरण आपल्या सांगण्यावरून थांबतं, हे बघायला आई हवी होती.

तुझा निरोप मिळाला. 'माझ्याकडे कळीसुद्धा नाही. थांब.' थांब म्हणे! अगं, तुझा काठ उत्तरेकडे तोंड करून बसलाय, झाडांच्या सावलीत. तिथे माणसांनासुद्धा उन्हाळा उशिरा कळतो. डेल जूनपर्यंत लोकरीची टोपी घालून फिरतो हे काय मला ठाऊक नाही?

लेव्हाय पाण्याचा ट्रक घेऊन दारावरून चालला होता. त्याने काच खाली करून विचारलं, "ॲडी काय म्हणते?"

मी म्हटलं, "अभिनंदन म्हणते."

"ॲडी? अभिनंदन? तुझं?" तो म्हणाला आणि हसत निघून गेला. सख्खा मावसभाऊ आहे, म्हणून सोडला.

बघशील तू. पंधरा दिवसांत पानांनी पाणी झाकून जाईल. मग तुला बोलावीन बघायला, डेलची टोपी घालून ये.

फिलोमीन

१८ जून

ॲडी,

हे पत्र वाचून हस, रागाव, डेलला मोठ्याने वाचून दाखव. पण उद्या दुपारी पुलाजवळच्या सभागृहात ये.

पान आलं नाही. तीन आठवडे पाणी आरशासारखं थांबलं होतं आणि खाली मनोमिन नुसतं बोटभर वाढून चिखलाशी बसून होतं. मी रोज होडीतून जाऊन वाकून बघत होते. हेल्मी एकदासुद्धा 'मी म्हटलं होतं' म्हणाली नाही. तिने म्हणायला हवं होतं. मला तिच्यावर ओरडता तरी आलं असतं. काल मुदत संपली, दरवाजे लागले आणि पाणी चढायला लागलं. आणि पान आलं कधी? परवा! माझ्या काठाजवळचं पहिलं पान परवा पाण्यावर पडलं. आज ती पानं ताणून उभी राहिली आहेत. काही तर सुटून तरंगायलाही लागलीत. मी हाताने एक उचललं, मुळासकट आलं.

आणि त्यात सकाळी हेल्मीने तुझं पत्र दिलं. मी ते जेट्टीवर उभी राहूनच वाचलं. तू लिहितेस: 'ताई, आई तुमच्याकडची चेरी फुलली की होडी काढून आमच्या काठाला यायची. रोझमावशीकडे चहा प्यायला नव्हे. मावशीच्या घरामागची चेरी बघायला. ती फुलायच्या आत कधी म्हणाली नाही की पान येणार. मी होडीत तिच्याबरोबर असायचे. तू जाळ्यांवर असायचीस.'

ॲडी, मी इतकी वर्षं समजत होते की आई तिकडे चकाट्या पिटायला जाते! मला रागही यायचा, की मी इथे मासे साफ करतेय आणि या दोघी चालल्या चहा प्यायला. पुढे पिंपं आली, पलीकडे पाय ठेवला तरी कुणालातरी कळवायचं आलं, आणि आईने जाणं सोडलं. मग ती फक्त आमच्याच उतारावर उभी राहायची आणि पलीकडे बघत राहायची. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून जात नाही. कुणी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. म्हणजे माझ्याकडे अर्धंच सांगणं होतं, आणि मी ते पुरं समजून सगळ्या धरणाला सांगून मोकळी झाले.

हेल्मीला मी पत्र वाचून दाखवलं. ती उडालीच. म्हणाली, "मावशी, बरोबर! तो काठ सावलीतला. तिथली जमीन पाण्यासारखीच उशिरा तापते. पूर्वी दोन्हीकडचा फुलोरा दोन-तीन दिवसांच्या फरकाने येत असेल, म्हणून एकच पुरे वाटायचा. आता फरक वाढलाय." मग तिने मला विचारलं, "तिकडची फुलली का?" मी पत्राची मागची बाजू दाखवली. तू तिथे लिहिलंयस: 'आमच्याकडची सोळाला फुलली.' परवा! पान आलं त्याच दिवशी.

आता ऐक. मंडळाने उद्या ऐकून घ्यायचं कबूल केलंय. आणखी दहा दिवस पाणी थांबवून धरायला हवं. मी एकटी गेले तर म्हणतील, बाई, आधीचा दिवसही तुम्हीच दिला होता. तू आलीस तर ऐकतील. पण दहा दिवस पाणी चढलं नाही तर तुमच्या तळ्यांचं काय होईल, तेही मला कळतं. पाणी तापेल, पिल्लं मरतील. डेलने वर्षभर खपून वाढवलेली पिल्लं. मी मागतेय ते लहानसहान नाही. मला मागता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून हे जे लिहिलंय तेच मागणं समज.

आणि त्या ऑगस्टचं एकदाचं लिहून टाकते. मला न सांगता तू उघडलंस, ती चूक तुझीच. ती मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण तू उघडलंस आणि तिसऱ्या दिवशी वादळ आलं. माझा सगळा दाणा पाण्यात झडून गेला, तुझा घरात सुकत होता. मला तुझ्या घाईचा राग नव्हता गं. तू बरोबर ठरलीस, त्याचा होता.

ये.

फिलोमीन

२१ जून

ॲडी,

तू लगेच निघून गेलीस, म्हणून तुझ्यामागे काय झालं ते सांगते. पण आधी तू असतानाचं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, त्यामुळे माझं तोंड कसं झालं ते तुला दिसलं नाही.

तो मंडळाचा चष्मेवाला कागद चाळत म्हणाला, "आधीचा दिवस चुकला. तो कुणी दिला होता?" मी खुर्ची मागे सारून उभी राहतच होते. म्हटलं होतं, मान खाली न घालता सांगायचं, मी दिला. तेवढ्यात तू भिंतीकडच्या खुर्चीतून, न उठता, म्हणालीस, "आम्ही दिला."

आम्ही! बाई गं. मी परत खाली बसले. लेव्हाय माझ्या कानात कुजबुजला, "तुझ्या डोळ्यात काय गेलं?" मी त्याच्या पायावर पाय दिला.

मग चष्मेवाल्याने विचारलं, "मग आत्ताचा दिवस तरी बरोबर कशावरून?" आणि तू म्हणालीस, "आता दोन्हीकडची फुललीय." एवढंच. मला ते सांगायला अर्धा तास लागला असता. हेल्मीने भिंतीवर पाण्याच्या तापमानाची रेघ दाखवली, तीही त्याच दिवशी वर वळलेली. चष्मेवाल्याने रेघेकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे जरा कमी वेळ बघितलं, आणि दहा दिवस दिले. वर हेही म्हणाला की पुढच्या वर्षीपासून दिवस दोन्ही काठांना विचारूनच धरला जाईल, आणि एकीचं ऐकून दरवाजे हलणार नाहीत. हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. म्हणू दे. मीच ते कागदावर घ्यायला लावलं, म्हणजे माझ्यानंतर जी कुणी येईल तिलाही ते लागू होईल.

डेल बाहेर गाडीशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेले, काय बोलायचं ते ठरवून गेले होते. तो म्हणाला, "फिलोमीन, तू काही बोलू नकोस. मला तळ्यांना पंप लावायचे आहेत." चांगला माणूस आहे. त्या टोपीबद्दल मी जे लिहिलं ते त्याला दाखवलं असशील तर त्याला सांग, टोपी चांगली आहे.

आता तुझ्यामागचं. तुमच्याकडे चालू अवस्थेतला एकच पंप आहे हे लेव्हायने ऐकलं होतं. मला न विचारता त्याने आपला ट्रक सरोवराला लावला, टाकी भरली आणि पुलावर नेऊन उभा केला. मी त्याच्या शेजारच्या सीटवर, कारण त्याला एकट्याला सोडलं तर तो तुरुंगात जाईल. सीमेवरचा पोरगा टाकीकडे बघून विचारतो, "काय नेताय?"

"पाणी," लेव्हाय म्हणाला.

"कुठून आणलंत?"

"सरोवरातून."

"आणि कुठे टाकणार?"

"सरोवराच्याच काठाला. पलीकडे."

पोरगा आमच्या दोघांकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही सरोवराचं पाणी सरोवरातच नेताय?"

लेव्हाय म्हणाला, "मी आणलं नसतं, बाबा. पण ते आपणहून येईना."

त्याने त्याच्या साहेबाला बोलावलं, साहेबाने त्याच्या साहेबाला. फोनवर हेल्मीने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण सोडलं. संध्याकाळपर्यंत लेव्हायच्या फेऱ्या चालल्या होत्या, नंतर तर तो पोरगा लांबूनच हात हलवायला लागला. तू तेव्हा तळ्यात कमरेपर्यंत उतरून जाळं ओढत होतीस. मी ट्रकमधून बघितलं तुला. उतरले नाही. मला वाटलं, आज तू माझ्यासाठी पुरेसं केलंस, आता मी समोर येऊन तुला आणखी काही करायला लावू नये.

किती पिल्लं गेली ते लेव्हायने मला सांगितलं. मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे, आणि मलाही आता माहीत आहे.

माझ्याकडचं सांगते. दरवाजे लागल्यापासून ते मंडळाने परत उघडेपर्यंत जेवढं पाणी चढलं, तेवढं माझ्या काठाला भोवलं. माझी पानं तेव्हाच नुकती पाण्यावर आली होती. उपटून काठाला लागलीत, चटया वाळत घातल्यासारखी. तुझ्याकडचं मनोमिन अजून पाण्याखालीच होतं, म्हणून वाचलं. हेल्मी म्हणते, तुझ्याकडची पानं कालपासून वर यायला लागलीत आणि पाणी थांबलेलं आहे. रोपं धरतील. ॲडी, धरतीलच. मला खात्री आहे, आणि या खेपेला माझी खात्री एकटीची नाही.

फिलोमीन

२६ ऑगस्ट

ॲडी,

काल हेल्मीला होडीत घेऊन खाडी फिरले. मागे उभी राहून दांडा रोवत होडी रेटायला तिला शिकवलंय. तीनदा पाण्यात पडली, चौथ्यांदा मला पाडलं. पण आता जमतं. पिंपांपर्यंत माझ्या अर्ध्यात विरळ आहे. इथे एक, तिथे चार, मध्ये नुसतं पाणी. मग पिंपांपलीकडे नजर टाकली आणि मी हेल्मीला म्हटलं, थांब, होडी थांबव. लोंब्या दाण्यांनी वाकल्यात. वाऱ्याने हलतात तेव्हा आवाज येतो. असा आवाज या खाडीत ऐकून किती वर्षं झाली! मी होडीतच बसून रडले, आणि हेल्मीने शहाणपणाने दुसरीकडे बघितलं. वाचली, ॲडी. खाडी वाचली.

संध्याकाळी माणसं जमवली आणि सांगितलं, यंदा आपला अर्धा भाग बंद. जो दाणा धरलाय तो पाण्यात पडू दे, पुढच्या वर्षाचं बी आहे ते. एक होडी आत गेलेली दिसली तर मी स्वतः बुडवीन.

लेव्हाय उभा राहिला. "ताई, चूक तुझी आणि चुली आमच्या थंड?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो. चूक माझी. तरीही बंद." तो म्हणाला, "बरं," आणि बसला. मला वाटतं, मी 'हो' म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि आज तुझं पत्र. तुमच्या माणसांनी ठरवलंय की आमच्या होड्यांनी पिंपं ओलांडून तुमच्या अर्ध्यात यावं, एकाआड एक होडी, तुमची एक आमची एक. हेल्मीने दोन्ही सरकारांची परवानगी आणलीय, ती कागद हातात धरून नाचत आली. आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, 'उघडायचा दिवस तू सांग, ताई. तुझ्या माणसांसमोर बरं दिसेल.'

मी तुला ओळखते. माझा मान राहावा म्हणून तू हे लिहिलंस. तीन वर्षांपूर्वी मी पुलावर उभी राहून तुला सगळ्यांदेखत काय काय बोलले, ते सगळं गिळून लिहिलंस. मला ते फार लागलं, गं. गोड लागलं, पण लागलं.

दिवस मी सांगणार नाही. मला सांगता येणार नाही म्हणून नव्हे. मी आजही लोंबी हातात घेऊन सांगू शकते, आणि माझा अंदाजही आहे. तो मी तुला सांगत नाही. त्या तांदळावर उन्हाळाभर नजर तू ठेवलीस. त्याची किंमत तुझ्या तळ्यांनी मोजली. तो पिकला की नाही हे तू म्हणायचं.

सकाळपासून माणसं दारात येतात. काठ्या तासून झाल्या, कढया घासून झाल्या, आता त्यांना धीर नाही. "फिलोमीन, कधी?" मी ओट्यावरूनच सांगते, "मला काय विचारता? यंदा खाडी ॲडी उघडणार आहे. दोन्ही अर्धे. ती म्हणेल तेव्हा." पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली. लेव्हायने तर मुद्दाम तीनदा विचारलं, पुन्हा पुन्हा ऐकायला. तिसऱ्यांदा मी ते जोरात म्हटलं, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं.

आमच्या होड्या पाण्यात उतरवून बांधून ठेवल्यात. मी पुढे बसेन. सांग.

फिलोमीन